ताश्कंद १९६६ : हाजी पीर परत देणं ही घोडचूक होती का?

नीरेकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला विषय आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी ११ जानेवारीला, शास्त्रीजींच्या पुण्यतिथीला, कुणीतरी त्यांचा फोटो टाकतं आणि त्याखाली हमखास एक वाक्य येतं, "जवानांनी रक्त सांडून मिळवलेली हाजी पीरची खिंड टेबलावर बसून देऊन टाकली". मग दिवसभर हात जोडलेले इमोजी आणि एखादं भांडण.

थोडक्यात घटनाक्रम टाकतो म्हणजे सगळे एका पानावर येतील. ५ ऑगस्ट १९६५ च्या सुमारास पाकिस्तानचे घुसखोर काश्मीरमध्ये उतरले (ऑपरेशन जिब्राल्टर). २८ ऑगस्टला आपल्या १ पॅराच्या मेजर रणजितसिंग दयाळांनी हाजी पीर घेतली. १ सप्टेंबरला पाकिस्तानने जम्मूजवळच्या छांबमध्ये रणगाडे घातले. ६ सप्टेंबरला आपण आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडून लाहोरच्या दिशेने गेलो. २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला युद्धबंदी. आणि १० जानेवारी १९६६ ला सोव्हिएत रशियातल्या ताश्कंदला शास्त्रीजी आणि पाकिस्तानचा अध्यक्ष अयूब खान यांचा करार, त्यात ठरलं की दोघांनी ५ ऑगस्टच्या आधी जिथे होते तिथे परत जायचं, तेही २५ फेब्रुवारीच्या आत.

तर प्रश्न सरळ आहे. शास्त्रीजींच्या जागी तुम्ही असता तर सही केली असती का? "करारी नेता हवा होता" टाईप उत्तरं नकोत, त्या माणसासमोर काय काय होतं ते धरून बोला.

खमंग काकडी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. सातारकर कुठेत?

सातारी कंदी

आलो आलो. मी तरी सही केली नसती. नकाशा उघडून बघा राव. उरी आणि पूंछ यांच्यामधला जुना रस्ता या खिंडीतून जायचा, पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. खिंड त्यांच्याकडे असल्यामुळे आपल्याला जम्मूवरून सगळा वळसा मारून जावं लागतं, अडीचशेच्या वर किलोमीटर. आणि नंतर नव्वदच्या दशकात घुसखोरीच्या वाटा कुठून कुठून होत्या त्यात या भागाचं नाव किती वेळा येतं बघा. आठ हजार फुटांच्या वर, पावसात, रात्री चढून जाऊन घेतलेली जागा आहे ती. दयाळांना महावीरचक्र उगाच नाही मिळालं.

आणि ती जागा कायद्याने आपलीच होती हो! महाराजा हरिसिंगांनी विलीनीकरणावर सही केलेल्या जम्मू-काश्मीर संस्थानातली. आपलीच जमीन आपण परत दिली, कुणाला?

भडभुंजे

सातारी, मुद्दा बरोबर पण नकाशा अर्धाच उघडलात. थोडा खाली या, छांबला. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमधून अखनूरच्या दिशेने निघाले आणि जौडियांपर्यंत आले. अखनूरला चिनाबवरचा पूल. तो पूल गेला की राजौरी, पूंछ, नौशेरा सगळ्याची रसद तुटली. युद्धबंदी झाली तेव्हा छांबचा तो सगळा पट्टा त्यांच्या हातात होता. शिवाय पंजाबात खेमकरण आणि राजस्थानात मुनाबाव.

आता तुम्ही म्हणता हाजी पीर सोडायची नाही. ठीक. मग ते म्हणणार छांब सोडत नाही. म्हणजे आपल्याकडे पूंछला जायचा जवळचा रस्ता आला, पण पूंछला जो मुख्य रस्ता जातो त्याच्या नरड्याशी ते कायमचे बसले. कुठला सौदा बरा?

एकूण हिशेब आपल्या बाजूने होता हे खरं, आपल्याकडे साधारण १९०० चौरस किमी आणि त्यांच्याकडे ५४० (आकडे भारतीय बाजूचे, पलीकडे वेगळे सांगतात). पण आपल्या १९०० मधला मोठा भाग सियालकोट, लाहोर आणि सिंधमधला होता, त्यावर आपला दावाच नव्हता. तो आज ना उद्या सोडायचाच होता.

सातारी कंदी

तेच तर म्हणतोय! सियालकोट-लाहोरची जमीन देऊन छांब आणि खेमकरण घ्यायचं, आणि हाजी पीर ठेवायची. एवढं साधं गणित दिल्लीला जमलं नाही?

भडभुंजे

गणित साधं आहे पण समोरचा ते मान्य का करेल? त्याला लाहोरजवळची शेतं परत हवी होती हे बरोबर. पण अयूब खानला घरी जाऊन सांगायचं होतं की काश्मीरमध्ये मी इंचभर मागे आलो नाही. काश्मीरसाठी युद्ध सुरू करून काश्मीरचाच तुकडा गमावून परत गेला असता तर त्याची खुर्ची तिथेच गेली असती. तशी पुढे गेलीच म्हणा.

माई देवधर

मी तेव्हा शाळेत होते, गिरगावात. ब्लॅकआउट आठवतो ना. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, मोटारींचे हेडलाईट अर्धे काळे रंगवलेले. भोंगा झाला की आई सगळ्यांना जिन्याखाली बसवायची आणि वडील मात्र गच्चीवर जाऊन बघायचे, विमान दिसतं का म्हणून :)

पण तुमच्या चर्चेत एक गोष्ट कुणी घेतली नाही, ती म्हणजे धान्य. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. रेशनवरचा गहू अमेरिकेचा, पीएल ४८० या त्यांच्या धान्यमदत कायद्याखालचा. शास्त्रीजींनी रेडिओवर सांगितलं आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा आणि आमच्याकडे सोमवारी रात्री चूल पेटली नाही. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद असायची. कुणी सक्ती केली नव्हती हो, लोक आपणहून करत होते. त्यांचं ऐकावंसं वाटायचं. आता मला सांगा, ज्या देशाचा गहू बोटीतून येतो त्याच्या पंतप्रधानाने किती दिवस युद्ध ताणायचं?

लिमलेटची गोळी

माई, __/\__

फिरंगी मावळा

माईंनी योग्य जागी बोट ठेवलं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेबांनी लढाई सुरू झाल्यावर दोन्ही देशांची शस्त्रं बंद केली. पाकिस्तानचं सैन्य पूर्ण अमेरिकन मालावर उभं, त्यामुळे फटका त्यांना जास्त बसला हे आपलं नशीब. पण गव्हाच्या बाबतीत दोरी आपल्या गळ्यात होती. आणि हाच जॉन्सन एप्रिल १९६५ मध्ये शास्त्रींची ठरलेली अमेरिका भेट पुढे ढकलून मोकळा झाला होता, तेव्हा त्याच्याकडून फार सहानुभूतीची आशा नव्हती.

ब्रिटनचं तर विचारूच नका. कच्छच्या रणातली चकमक एप्रिलमध्ये झाली, तेव्हा त्यांचा पंतप्रधान हॅरोल्ड विल्सनने मध्यस्थी करून ३० जूनला समझोता घडवला होता. म्हणजे मध्यस्थ म्हणून ब्रिटनचं वजन होतं. पण ६ सप्टेंबरला आपण सरहद्द ओलांडल्यावर या गृहस्थाने जे निवेदन काढलं त्यात सगळा ठपका भारतावर. १ सप्टेंबरला छांबमध्ये काय झालं याचा जणू पत्ताच नाही. दिल्ली इतकी भडकली की ब्रिटनची मध्यस्थी संपलीच. आणि ती जागा सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनने भरली. लोक विचारतात ताश्कंदच का, त्याचं उत्तर बरंचसं विल्सनच्या त्या कागदात आहे.

आता रशियाचा हिशेब वेगळा. सुरक्षा परिषदेत काश्मीरवर आपल्याला वाचवणारा व्हेटो त्यांचा. ज्याच्या घरी वाटाघाटीला गेलात त्याला रिकाम्या हाताने पाठवून परत व्हेटो मागायचा? आणि कोसिगिन काही आपला हक्काचा माणूस नव्हता, त्याला पाकिस्तानलाही चीनपासून तोडून जवळ घ्यायचं होतं. १९६८ मध्ये त्यांनी पाकिस्तानला शस्त्रं दिलीच की.

गनिमी कावेबाज

मस्त माहिती मावळेसाहेब. पण मला वाटतं आपण सगळे चुकीच्या तारखेवर भांडतोय. ताश्कंदला पत्ते कमीच होते, मान्य. पण पत्ते कमी का झाले? कारण आपण २२-२३ सप्टेंबरला थांबलो.

युद्धबंदी मान्य करायच्या आधी शास्त्रींनी सेनाप्रमुख जनरल चौधरींना विचारलं होतं की अजून काही दिवस मिळाले तर निर्णायक काही हाती लागेल का. चौधरींचं उत्तर असं की दारूगोळा बराचसा संपलाय आणि रणगाड्यांचं नुकसान फार झालंय. नंतर हिशेब लागला तेव्हा कळलं की आघाडीवरचा दारूगोळा फक्त १४ टक्क्यांच्या आसपास वापरला गेला होता आणि रणगाडे आपल्याकडे त्यांच्या दुप्पट शिल्लक होते! तिकडे पाकिस्तानची अवस्था याहून वाईट, सुटे भाग नाहीत, अमेरिकेने नळ बंद केलेला.

म्हणजे पंतप्रधानाने प्रश्न अगदी बरोबर विचारला, योग्य माणसाला विचारला, आणि उत्तर चुकीचं मिळालं. यात शास्त्रींना काय दोष देणार? पण नुकसान तिथे झालं. ताश्कंद त्याची फक्त पावती.

कोकणी कासव

+१. हेच चौधरी असल उत्तरच्या रणगाडा लढाईच्या आधी पश्चिम कमांडच्या हरबक्षसिंगांना बियास नदीच्या मागे या म्हणत होते म्हणे. हरबक्षसिंगांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर अमृतसर गेलं असतं आणि पकडलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांची ती जत्राही भरली नसती भिखीविंडला.

पेठेतला पाटील

चौधरींवर फार घसरू नका. १४ टक्के हा आकडा सोयीने वापरतात लोक. सगळ्या प्रकारचा दारूगोळा सरासरी १४ टक्के वापरला, म्हणजे प्रत्येक आघाडीवर प्रत्येक तोफेकडे ८६ टक्के पडून होता असं नाही. आणि तेव्हा संगणक नव्हते, कुठल्या डेपोत काय पडलंय ते सेनाप्रमुखाला एका रात्रीत कळणं शक्य नव्हतं. शिवाय सियालकोटकडच्या चविंड्याला आपला हल्ला अडकलाच होता. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर तिथेच १६ सप्टेंबरला गेले, परमवीरचक्र. अजून आठवडाभर लढून सियालकोट पडलंच असतं याची खात्री कोण देणार?

गनिमी कावेबाज

खात्री कोण मागतंय. पण पंतप्रधानाला "माहिती काढून उद्या सांगतो" असं तरी सांगता आलं असतं.

लिमलेटची गोळी

आणि चीन? चीनला विसरलात का सगळे? त्या आठवड्यात सगळ्यात मोठी भीती तीच होती.

१७ सप्टेंबरला चीनचा खलिता आला, सिक्कीमच्या सरहद्दीवरची तुमची ५६ लष्करी बांधकामं तीन दिवसांत पाडा आणि आमच्या पळवलेल्या ८०० मेंढ्या आणि ५९ याक परत करा. हो, खरंच. मेंढ्या!! मग २४ तारखेला दिल्लीत चिनी वकिलातीसमोर आठशे मेंढ्यांचा मोर्चा निघाला, पुढे कोण तर तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी. मेंढ्यांच्या गळ्यात पाट्या, "मला खा पण जग वाचवा". चीनने त्यावरही निषेधाचा खलिता पाठवला, की हे सरकारनेच घडवून आणलं. आपल्या सरकारने उत्तर दिलं की लोकांनी उत्स्फूर्तपणे आणि हसतखेळत केलेलं होतं ते.

माझं मत विचाराल तर भारतीय राजनयातला तो सर्वोच्च क्षण आहे :ड

खमंग काकडी

हे माहीतच नव्हतं! हहपुवा

फिरंगी मावळा

मेंढ्या विनोदी पण धमकी विनोदी नव्हती. १९६२ ला तीनच वर्षं झाली होती. सरहद्दीवर नथु ला आणि जेलेप ला अशा दोन खिंडी, मागे येऊन बचावाला बरी जागा धरायचा हुकूम होता. जेलेप ला सोडली आणि चिनी येऊन बसले. नथु ला तिथल्या डिव्हिजनचे प्रमुख सगतसिंगांनी सोडली नाही. १९६७ मध्ये तिथेच चिन्यांशी जी चकमक झाली त्यात याचा किती उपयोग झाला ते माहीतच आहे.

पण दिल्लीत बसलेल्या माणसाला १९ सप्टेंबरला काय दिसत होतं? पश्चिमेला अर्ध सैन्य गुंतलंय, उत्तरेला चीन मुदत देतोय, पूर्व पाकिस्तानची आघाडी शांत आहे ती आपणच शांत ठेवलीय. अयूब आणि त्याचा परराष्ट्रमंत्री भुट्टो त्याच सुमारास गुपचूप पेकिंगला (बीजिंगला) जाऊन आले. तिथे चिनी पंतप्रधान चाऊ एन लायने त्यांना सांगितलं, लांब लढाईची तयारी ठेवा, शहरं गेली तरी डोंगरातून लढा. अयूबला ते झेपणारं नव्हतं, तो परत येऊन युद्धबंदीच्या मागे लागला. पण हे आपल्याला नंतर कळलं हो! तेव्हा शास्त्रींना फक्त चीनचा कागद दिसत होता.

बंड्या नाना

एवढी सगळी चर्चा आणि मूळ गोष्ट कुणीच बोलत नाही. सही झाली १० ला आणि माणूस गेला ११ च्या पहाटे. पोस्टमार्टेम का नाही केलं? ते दूध कुणी

संपादक मंडळ

बंड्या नाना, या विषयावर आधीच तीन धागे कुलूपबंद झाले आहेत. इथे फक्त युद्ध आणि करार. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

बंड्या नाना

दाबा दाबा आवाज दाबा. बरं, मूळ विषयावर बोलतो. शास्त्रींना सगळे साधे समजत होते हीच पाकिस्तानची चूक. ऑक्टोबर १९६४ मध्ये कैरोहून येताना ते कराचीला अयूबला भेटले. धोतरातला पाच फुटी माणूस बघून सहा फुटी सँडहर्स्टवाल्याला वाटलं हा काय लढणार. त्यात कच्छमध्ये आपण लवाद मान्य केला, त्यावरून भुट्टोने पक्कं ठरवलं की भारत आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडणार नाही. आणि शास्त्रींनी लोकसभेत आधीच सांगून ठेवलं होतं की वेळ आणि जागा आम्ही ठरवू. सांगून केलं आणि तरी बसला धक्का!

सातारी कंदी

नाना कधी नव्हे ते सहमत. आणि सरहद्द ओलांडायच्या आधीचा एक निर्णय आमच्या माणसाचा आहे, तो सांगितल्याशिवाय मी जागचा हलणार नाही. १ सप्टेंबरला दुपारी छांबचं कळल्यावर संध्याकाळी चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. मंत्री कोण? यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्राचे. १९६२ मध्ये हवाईदल वापरायचं की नाही यावर दिल्लीत नुसती चर्चा झाली आणि विमानं जमिनीवरच राहिली. चव्हाणांनी औपचारिक मंजुरीची वाट न बघता तिथल्या तिथे सांगितलं, उडवा. आणि तासा-सव्वातासात पठाणकोटहून विमानं निघाली.

हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला म्हणतात ते नुसतं भाषणातलं नाही.

गनिमी कावेबाज

अभिमान आहेच, पण पुढचंही सांगा की. पहिल्या लाटेत पाठवलेली व्हॅम्पायर विमानं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं डिझाईन, समोर पाकिस्तानची सेबर जेट विमानं. त्याच संध्याकाळी चार पडली. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून काढूनच टाकली. मंत्र्याने निर्णय झटक्यात घेतला हे उत्तमच, पण काय उडवायचं हे हवाईदलाने ठरवलं आणि त्या वैमानिकांनी किंमत मोजली.

सातारी कंदी

पण रणगाडे थांबले ना?

गनिमी कावेबाज

वेग मंदावला. थांबले ते त्यांच्याच कृपेने. २ सप्टेंबरला ऐन चढाईत त्यांनी सेनापती बदलला, अख्तर मलिकला काढून याह्या खानला आणलं. त्यात वेळ गेला आणि अखनूर वाचलं. याह्या खानचे भारतावर उपकार १९६५ पासूनचे आहेत, लोक उगाच १९७१ पासून मोजतात.

माई देवधर

😂 गनिमी, ही कोटी आवडली.

कोकणी कासव

अवांतर : नौदलाचं कुणी बोलत नाही म्हणून. आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत होते. विमानवाहू विक्रांत तेव्हा दुरुस्तीला लागलेली. आणि नौदलाला हुकूम असा की पोरबंदरच्या अक्षांशाच्या वर जायचं नाही. ७-८ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, आणि आपल्याला उत्तर द्यायची परवानगी नाही. गोदीतली माणसं किती चिडली होती ते आजोबा मरेपर्यंत सांगत. १९७१ मध्ये कराचीवर जे केलं त्यात या रागाचा वाटा होता असं मला आपलं वाटतं.

पूर्व पाकिस्तानचंही तसंच. तिकडून बंगालमधल्या कलाईकुंड्याच्या आपल्या हवाईतळावर विमानं आली, आपली जमिनीवरची विमानं जाळली, तरी दिल्लीने पूर्वेला आघाडी उघडली नाही. तेव्हा लोकांना ते मिळमिळीत वाटलं असेल. पण सहा वर्षांनी तिथले लोक आपल्या बाजूला होते यात या संयमाचं काहीतरी आहेच.

भडभुंजे

कासव, अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. शास्त्रींनी ३ सप्टेंबरला, म्हणजे लाहोरकडे जायच्या तीन दिवस आधी, युद्धाची उद्दिष्टं ठरवून दिली होती. पहिलं, काश्मीर जबरदस्तीने घेऊ द्यायचं नाही. दुसरं, पाकिस्तानी सैन्याची हल्ला करायची ताकद मोडायची. तिसरं, त्यासाठी लागेल तेवढीच पाकिस्तानची जमीन घ्यायची आणि युद्ध मनासारखं संपलं की ती सोडायची.

म्हणजे जमीन परत द्यायचं ताश्कंदच्या थंडीत कोसिगिनच्या दबावाखाली ठरलं असं म्हणणं बरोबर नाही. तो माणूस युद्ध सुरू करतानाच शेवट कुठे करायचा ते ठरवून बसला होता. जगात किती नेत्यांनी हे केलंय? युद्धात उतरताना सगळ्यांना जमतं, आपण कशावर समाधानी होऊन थांबणार हे पहिल्या दिवशी लिहून ठेवणारे विरळा.

सातारी कंदी

भडभुंजे, तुम्हीच वाचा तुम्ही काय लिहिलंत. "पाकिस्तानची जमीन" सोडायची. हाजी पीर पाकिस्तानची आहे? तुमच्या ३ सप्टेंबरच्या कागदानेच ती सोडायच्या यादीत येत नाही!

खमंग काकडी

आई गं. जोरात लागला.

भडभुंजे

लागला. या मुद्द्यावर उत्तर द्यायला मला वेळ द्या.

पेठेतला पाटील

मी देतो. कायद्याने हाजी पीर आपली, छांबही आपलं, मुझफ्फराबादही आपलं. पण आपण जर म्हणालो की युद्धात जे काश्मीर आम्ही घेतलं ते आमचं म्हणून ठेवणार, तर तोच नियम छांबला त्यांच्या बाजूने लागतो. "युद्धबंदी रेषा बळाने बदलायची नाही" हेच आपलं सगळ्या जगासमोरचं म्हणणं होतं, त्याच मुद्द्यावर आपण जिब्राल्टरला आक्रमण म्हणत होतो. रेषा आपल्या सोयीने एका ठिकाणी बदलून कसं चालेल?

आणि कराराचा मसुदा बघा. पाकिस्तानला काश्मीरवर तोडगा काढायची यंत्रणा हवी होती, सार्वमताचं काहीतरी, किमान लवाद तरी, कच्छसारखा. मिळालं काय? जम्मू-काश्मीरवर चर्चा झाली आणि दोघांनी आपापली भूमिका मांडली, एवढं एक वाक्य. ज्यासाठी युद्ध केलं त्यातलं शून्य हाती घेऊन अयूब परतला. म्हणून तर लाहोरमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. सहा महिन्यांत भुट्टो बाहेर पडला आणि ताश्कंदला विकलं गेल्याची बोंब मारत स्वतःचा पक्ष उभा केला. दोन्हीकडे एकाच कराराला शिव्या पडल्या, तेव्हा एकट्या भारताने सगळं देऊन टाकलं असं म्हणता येत नाही.

फिरंगी मावळा

पाटील, इथे मात्र थोडं थांबा. रेषा बदलत नाही हे तत्त्व आपणही पुढे मोडलंच की. कारगिलच्या वरची ठाणी घ्या. मे १९६५ मध्ये घेतली, संयुक्त राष्ट्रांच्या आश्वासनावर परत दिली. ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली, ताश्कंदनंतर पुन्हा परत. १९७१ मध्ये तिसऱ्यांदा घेतली आणि यावेळी मात्र ठेवली. १९७२ च्या सिमला करारात युद्धबंदी रेषेची नियंत्रण रेषा झाली आणि ज्याच्या हातात जे होतं ते त्याचं. त्याच नियमाने १९७१ मध्ये गेलेलं छांब त्यांच्याकडे राहिलं, आजही आहे.

म्हणजे सिमल्यात आपण नेमका तोच सौदा केला जो ताश्कंदला नाकारला.

गनिमी कावेबाज

बिंगो! आणि सिमल्यात आपल्या हातात त्र्याण्णव हजार युद्धकैदी होते. ताश्कंदला काय होतं? थोडी शेतं, एक खिंड आणि अडकलेला चविंडा. एवढ्यावर जगातल्या दोन महासत्तांच्या मध्ये उभं राहून याहून फार काही मिळत नव्हतं. माझी तक्रार २२ सप्टेंबरवर आहे आणि तिथेच राहील.

लिमलेटची गोळी

म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं की काय? या संस्थळावर?? स्क्रीनशॉट काढून ठेवते.

सातारी कंदी

एकमत नाही. महावीर त्यागी मंत्रिमंडळात होते, केंद्रीय मंत्री, ताश्कंदवर राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांना छांब माहीत नव्हतं का? रशियाचा व्हेटो माहीत नव्हता? सगळं माहीत असूनही त्यांना वाटलं की हाजी पीर सोडायला नको होती. त्यांच्या बाजूला मी एकटा असलो तरी चालेल.

नीरेकाठचा

धागाकर्ता म्हणून माझं मत देणं लागतो. सगळे प्रतिसाद वाचून मी सही केली असती असं म्हणतो, पण सही करायच्या आधी एक गोष्ट जास्त मागितली असती. माघारीची तारीख ठरली, पण घुसखोर परत आले तर काय, हे कागदावर पक्कं झालं नाही. शास्त्रींना युद्ध न करण्याचा करार हवा होता आणि अयूब तो द्यायला तयार नव्हता, मग संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा हवाला देऊन बळाचा वापर करणार नाही एवढ्यावर भागवलं. कच्छनंतर पाच आठवड्यांत जिब्राल्टर करणाऱ्या माणसाच्या शब्दावर मी तेवढ्यावर भागवलं नसतं.

सातारी, त्यागींचा मुद्दा मात्र राहतो. त्याला उत्तर माझ्याकडे नाही.

भडभुंजे

वेळ घेऊन आलो. सातारींच्या प्रश्नावर पाटलांनी दिलेलं उत्तर ताश्कंदपुरतं चालतं, पण मावळ्यांच्या कारगिलने त्याला भोक पाडलंय. मला वाटतं खरं कारण तत्त्व नसून छांबच होतं. अखनूरचा पूल इतका जवळ असताना कुठलाही सेनाप्रमुख म्हणाला असता, मला आधी तो पट्टा मोकळा करून द्या. तत्त्व वगैरे नंतर जोडलं.

सातारी कंदी

आता कसं बोललात! मग १९७१ मध्ये तेच छांब घालवून वर हाजी पीरही नाही, यावर नवीन धागा काढा. मी सिमल्यावर याहून जास्त भांडणार आहे, आधीच सांगतो.

खमंग काकडी

काढा काढा. पॉपकॉर्न संपलेत, शेंगदाणे भाजायला टाकते.